मागे कोणी नव्हतं

“दिसत नाही का तुम्हाला?” एवढंच वाक्य. ते मी एका भल्या माणसावर, त्याच्या मुलासमोर, शाळेच्या भरल्या मैदानात ओरडलो, आणि त्या दिवसापासून ते माझ्याच कानात अडकून बसलं आहे. लेकीच्या शाळेचा क्रीडादिन होता. डिसेंबर महिना, नाशिकची थंडी, सकाळचे पावणेआठ. मैदानावरची फक्की इतकी ताजी होती की पट्ट्यांवरून गेलेल्या मुलांच्या बुटांचे पांढरे ठसे पार पाण्याच्या टाकीपर्यंत उमटले होते. मुलांच्या शर्यती आटोपल्या आणि माइकवरून पुकारा झाला, आता बाबांची ६० मीटर. लेकीनं हाताला धरून मला ओळीत उभं केलं, स्वेटर काढून घेतला. आम्ही आठ जण होतो. शिट्टी वाजली. पहिली चार-पाच पावलं फार सुंदर पडली, हे आजही आठवतं. थंड हवा दातांना लागत होती, पाय आपणहून पुढे जात होते, आणि कितीतरी वर्षांनी मी नुसता धावण्यासाठी धावत होतो. सहाव्या पावलाला मागून कोणीतरी उजव्या टाचेच्या वर सपकन काठी हाणली. आवाजही ऐकला मी, वाळकी काटकी मोडल्यासारखा. पुढे कोलमडलो, तळहात सोलवटले, आणि वळून पहिला जो चेहरा दिसला त्याच्यावर ओरडलो. ते गृहस्थ जागीच थांबले. शर्यत सोडून थांबले. मग त्यांनीच काखेत हात घालून मला उभं केलं, स्वतःच्या गाडीत बसवलं आणि दवाखान्यात पोचवलं. वाटेत ते एक अक्षर बोलले नाहीत आणि मीही नाही.

त्यांनी मारलं नव्हतं. कोणीच मारलं नव्हतं.

डॉक्टरांनी मला टेबलावर पालथं झोपवलं, पावलं कडेबाहेर लोंबती ठेवली आणि आधी डावी पोटरी मुठीत धरून दाबली. मला काही दिसत नव्हतं, बायको शेजारी उभी होती. तिनं नंतर सांगितलं, कळसूत्री बाहुलीची दोरी ओढावी तसं डावं पाऊल खाली गेलं. मग त्यांनी उजवी पोटरी दाबली. पुन्हा दाबली. पाऊल हललंच नाही, दुसऱ्याच कुणाचं असावं तसं लोंबत राहिलं. “मागून कोणी मारलं असं वाटलं ना?” डॉक्टर म्हणाले. “सगळ्यांना तसंच वाटतं. सगळे मागे वळून बघतात.” पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी बांधणारी कंडरा तुटली होती, अकिलिस. शरीरातली सगळ्यात जाड आणि सगळ्यात मजबूत कंडरा हीच, आणि तुटते ती बहुधा टाचेच्या २ ते ६ सेंटिमीटर वर, जिथे रक्त कमी पोचतं. तुटते तीही बहुधा तिशी ते पन्नाशीच्या पुरुषांची, जे आठवडाभर खुर्चीत असतात आणि एखाद्या दिवशी मैदानात उतरतात. मी ऐकत होतो, मान हलवत होतो, पण डोळ्यांसमोर त्या गृहस्थांचा चेहरा होता. सगळे मागे वळून बघत असतील. सगळे ओरडत नसतील.

संध्याकाळी नाना आले. कॉटच्या पायथ्याशी उभं राहून त्यांनी पायाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “घोडनस गेली.” ते या शिरेला घोडनस म्हणतात. मग थोड्या वेळानं, “थंडीत रूळ पण असाच जातो. पहाटेचा.” नाना, माझे वडील, रेल्वेत कीमन होते. नांदगावच्या बाजूला मेनलाइनवर त्यांची बीट होती. खांद्यावर हातोडा, हातात पाना, बगलेत लाल-हिरवे बावटे, आणि पहाटे निघून सहा किलोमीटर रूळ पायी तपासायचा. थंडीत लांबच लांब जोडलेला रूळ आकसू बघतो, पण त्याला जागोजाग धरून ठेवलेलं असतं, त्यामुळे तो आतल्या आत ताणत जातो. गारठा टोकाला गेला की रात्रीच्या शेवटच्या प्रहरी एखाद्या कच्च्या जोडाशी तुटतो. म्हणून थंडीत गस्त वाढायची. डॉक्टरांनी दिलेलं कारण वेगळं होतं आणि बरोबर होतं. तरी मला नानांचं बोलणं जास्त जवळचं वाटलं. बाहेरून कुणी घाव घातलेला नसतो, ताण आतलाच असतो, हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं.

शस्त्रक्रिया झाली. चवडा खाली आणि टाच वर अशा स्थितीत पाऊल प्लॅस्टरमध्ये गेलं. मग गुडघ्यापर्यंतचा जड बूट आला, त्यात टाचेखाली पाचरी. काही दिवसांनी एक पाचर काढायची, आणखी काही दिवसांनी दुसरी, म्हणजे टाच हळूहळू जमिनीकडे उतरते. आमची खिडकी रस्त्यावर उघडते. त्या खिडकीशी बसून मी इतके दिवस माणसं चालताना पाहिली की अजूनही कोणी चालत आलं की माझी नजर आधी त्याच्या पायांकडे जाते. पाय टेकतो तो जवळजवळ सरळ, काठीसारखा. त्या काठीवरून सगळं शरीर कमानीत वर चढतं, माथ्यावर किंचित संथ होतं आणि पलीकडे पडू लागतं; पडायच्या आत दुसरा पाय येऊन टेकतो. बैलगाडीच्या चाकाचे पुठे आणि धाव काढून टाकली आणि उरलेल्या आऱ्यांवर ते लोटलं, तर ते असंच जाईल, एका आऱ्यावर चढत, पलीकडे पडत, पुढच्या आऱ्यावर सावरत. चढताना वेग उंचीत साठतो, उतरताना उंचीतून वेग परत मिळतो. आपल्या सवयीच्या चालीनं चालणारा माणूस या देवघेवीत शंभरातला साठ-सत्तर भाग वाचवतो, उलट्या टांगलेल्या लंबकासारखा. नुकसान होतं ते नवा आरा जमिनीवर आदळताना. ते भरून काढायला मागचा पाय, उचलला जाण्याच्या क्षणभर आधी, चवड्यानं जमिनीला एक रेटा देतो. टाच उचलली जाते, पोटरी आवळते, ताणलेली कंडरा सुटते. समोरच्या रस्त्यावर दूधवाला, भाजी घेऊन परतणाऱ्या आजी, दप्तराखाली वाकलेली पोरं, सगळे दर पावलाला हे करत होते आणि कुणालाच त्याची खबर नव्हती.

माझ्याकडून गेला होता तो हा रेटा.

बूट निघाला त्या आठवड्यात फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मला काठी घेऊन हॉलमध्ये चालायला लावलं आणि विचारलं, “कुठलं पाऊल आखूड पडतंय?” मी म्हटलं, उजवं, दुखरं आहे तेच. “खाली बघा.” मी पाहिलं. आखूड पडत होतं ते डावं. उजवा पाय मागे थांबून शरीर पुढे रेटू शकत नव्हता, त्यामुळे डाव्याला लांब जायला अवकाशच मिळत नव्हता. तो घाईघाईनं जवळच टेकत होता. फरशी दोन बाय दोनची. धडधाकट डावं पाऊल एका फरशीची रेघ काही ओलांडत नव्हतं. बघणारा म्हणेल, याचा डावा पाय अधू आहे. मी सोफ्यावर बसलो, आणि का कोण जाणे, मला मैदानावरचे ते गृहस्थ आठवले. त्यांना मी एक मेसेज पाठवला होता, आभाराचा आणि माफीचा. त्यांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं होतं. त्यापुढे काही झालं नव्हतं, आणि जे झालं ते पुरेसं नाही हे मला ठाऊक होतं.

नाना दारात उभे राहून माझं चालणं बघत होते. “एक फरशी, एक पाऊल,” ते म्हणाले. “स्लीपरचं माप आहे हे.”

खरंच होतं ते. स्लीपर म्हणजे रुळांखालच्या आडव्या तुळया. मेनलाइनला किलोमीटरमागे १६६० स्लीपर, म्हणजे एकापासून दुसरा ६० सेंटिमीटरवर. मधे खडी असते. खडीवर रोज चालवत नाही, घोटा मुरगळतो, म्हणून कीमन स्लीपरवरून चालतो. पण मोठ्या माणसाचं मोकळं पाऊल ६० सेंटिमीटरचं नसतं, ते सत्तरीच्या पुढे पडतं. दोन स्लीपर एका ढांगेत घ्यावे तर ते फार लांब, एकेक घ्यावा तर आखूड. नानांनी नोकरीभर एकेक घेतला. सहा किलोमीटरच्या एका फेरीत दहा हजारांना चाळीस कमी. पुढे पुढे ते पाऊल त्यांच्या अंगातच मुरलं. बाजारात, लग्नात, देवळात, कुठेही जाताना नाना तसेच जवळजवळ पावलं टाकत, नजर पुढच्या दोन हातांवर ठेवून चालायचे, आणि आई म्हणायची, यांच्या पायाखालचे रूळ काही निघत नाहीत. शरीराला प्रत्येक वेगासाठी पावलाची एक लांबी पसंत असते, जिला सगळ्यात कमी श्वास खर्ची पडतो; त्याहून लांब टाका नाहीतर आखूड, दोन्हीकडे खर्च वाढतो. तो वाढीव खर्च एका पावलाला नगण्यच असेल. पण दहा हजार पावलांचा, आणि मग वर्षानुवर्षांचा, हे मनात आलं तेव्हा मला खूप वाईट वाटलं. कुठल्याही पगारपत्रकात तो आला नव्हता. नानांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, “पण माझा घोटा एकदाही मुरगळला नाही,” आणि त्यांच्या आवाजात खरोखर अभिमान होता.

लहानपणी सुट्टीत मी कधीकधी त्यांच्याबरोबर बीटवर जायचा हट्ट करायचो. क्वचित न्यायचे, तेही थोडंसंच, गाडी नसलेल्या वेळी, आणि हात धरून. दव पडलेलं असायचं, स्लीपर ओलसर, रुळांना लोखंडाचा आणि तेलाचा वास. नाना चालायचे आणि मी मात्र स्लीपरवरून स्लीपरवर उड्या घेत धावायचो. चालून मला कधी त्यांना गाठता आलंच नाही, आणि मला वाटायचं मी कमी पडतो. आता कळतं की त्यात पायांच्या लांबीचा हिशेब होता. चालताना शरीर पायाच्या कमानीवरून जातं ते वजनानं खाली दाबलं जातं म्हणून. वेग वाढवत नेला की एका क्षणी ते वजन पुरत नाही, शरीर कमानीवर टिकेना होतं, आणि माणूस नकळत धावू लागतो. मोठ्यांमध्ये हे ताशी ७ किलोमीटरच्या आसपास होतं. पाय जितके आखूड तितकी ही हद्द अलीकडे, म्हणून आईबापांच्या हाताला लागलेली पोरं नेहमी दुडकत असतात. आणि गुरुत्वाकर्षण जितकं कमी तितकी ही हद्द अलीकडे. खिडकीशी बसल्या बसल्या मी लेकीबरोबर चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांच्या जुन्या चित्रफिती पाहिल्या. तिथे वजन सहावा हिस्सा, म्हणजे चालण्याची हद्द ताशी ३ किलोमीटरच्या आतबाहेरच संपत असणार. ते पांढऱ्या पोशाखातले मोठे मोठे पुरुष उड्या घेत, दुडकत चालले होते. लेक हसत होती. मला नानांच्या हाताला लागलेला मी दिसत होतो.

धावणं म्हणजे जोरात चालणं नव्हे, हेही मला तुटल्यावरच समजलं. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, आणि दर पावलाला थोडा वेळ दोन्ही असतात. धावताना दोन्ही कधीच नसतात, आणि मधे मधे एकही नसतो. चालताना शरीर पायाच्या मधोमध येतं तेव्हा सगळ्यात उंच असतं. धावताना त्याच क्षणी ते सगळ्यात खाली असतं. गुडघा वाकतो, घोटा दबतो, तळव्याची कमान पसरते, कंडरा ताणते, आणि मग हे सगळं उसळून परत येतं. चेंडूसारखं. ताणलेली कंडरा घेतलेल्यापैकी शंभरात नव्वदहून जास्त परत देते. लीड्स विद्यापीठाचे मॅकनील अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडलेला हिशेब असा की धावताना दर पावलाला शरीरातून फिरणाऱ्या ऊर्जेपैकी ३५ टक्के एकटी ही टाचेची कंडरा साठवून परत करते, आणि १७ टक्के तळव्याची कमान. म्हणजे अर्धं धावणं स्नायूंनी करावंच लागत नाही. धावताना या एका दोरावर अंगाच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. माझ्यासारख्या ७२ किलोच्या माणसाला अर्धा टन म्हणा. नानांना हे सांगितलं तेव्हा ते अजिबात चकित झाले नाहीत. त्यांच्या हातांनी जन्मभर पेंड्रोल क्लिपा ठोकल्या होत्या. बोटाएवढ्या जाडीचा पोलादी गज वळवून केलेली ती क्लिप रुळाला खिळ्यासारखी जखडत नाही. ती स्वतः थोडी वाकते आणि दाबून धरते. वरून गाडी गेली की रूळ हलतो, क्लिप त्याच्याबरोबर हलते आणि परत येते. “घट्ट बसलेली हातोड्याखाली खणखणते,” नाना म्हणाले, “आणि सैल झालेली बद्द वाजते. बघायला नको, ऐकू येतं.” मी माझ्या टाचेवरून हात फिरवला. व्रणाखाली कंडरा अंगठ्याएवढी जाड, गाठाळ लागत होती.

पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी त्या शर्यतीचा व्हिडिओ टाकला होता. बायकोनं तो बरेच दिवस मला दाखवला नाही. एका रात्री मी तो मागून घेतला आणि वेग कमी करकरून पाहिला. सहावं पाऊल. उजवा चवडा मागे टेकलेला, गुडघा सरळ होत आलेला, अंग पुढे झुकलेलं, सगळा रेटा एका टाचेवर. मग पोटरीवर एक लहर उठते, विहिरीत खडा पडावा तशी, आणि टाच खाली बसते. ते गृहस्थ पलीकडच्या पट्ट्यात आहेत, चांगले आठ-दहा फूट मागे. मी वळतो, बोट रोखतो, आणि माझं तोंड उघडतं. आवाज त्यात नाही, माइकवर गाणं चालू होतं. न ऐकू येणारं ते वाक्य मी किती वेळा पाहिलं, त्याला गणती नाही.

स्प्रिंटमध्ये जमीन पायाखाली फार थोडा वेळ असते. पूर्ण वेगात तर सेकंदाचा दहावा भागही नाही, आणि तेवढ्यात वजनाच्या चौपट-पाचपट जोर जमिनीत घालावा लागतो. पीटर वेयांड या संशोधकाच्या गटानं २००० साली दाखवून दिलं की वेगवान माणूस हवेतला पाय काही फार लवकर पुढे आणत नाही. सावकाश धावणाऱ्यालाही पाय पुढे आणायला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. फरक पडतो तो जमिनीला किती जोरानं दाबलं यात. लेकीनं हे ऐकून घेतलं आणि उसेन बोल्टचा विषय काढला, कारण शाळेत त्याच्यावर धडा सांगितला होता. बर्लिन, २००९, १०० मीटर ९.५८ सेकंदांत, ४१ पावलांत. तिनं भागाकार केला: एक पाऊल २ मीटर ४४ सेंटिमीटर. मग आम्ही तिघं खाली पार्किंगमध्ये गेलो, मी काठी टेकत. तिनं टेपनं मोजून खडूच्या दोन रेघा मारल्या आणि मधली जागा आम्ही बघत राहिलो. दोन मोटरसायकली शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढी जागा. नाना एका रेघेवर उभे राहिले आणि आपल्या मापानं चालत दुसरीपर्यंत गेले. चार पावलं. “चार स्लीपर,” ते म्हणाले, “वर दोन बोटं.” आणि वाकून त्यांनी त्या उरलेल्या दोन बोटांवर तळहात ठेवला. तो खडू पुढे पावसापर्यंत टिकला. मी येता-जाता ती जागा ओलांडायचो आणि दर वेळी मला नानांचा तो तळहात दिसायचा.

अविनाश साबळेची हांगझोच्या एशियन गेम्समधली शर्यतही आम्ही त्याच दिवसांत पुन्हा पाहिली. ३००० मीटर स्टीपलचेस, वेळ ८:१९.५०, सुवर्णपदक. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा, आणि त्या अंतरात २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या. नानांनी टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढली. पाण्याच्या अडथळ्यावर पाय ठेवून साबळे पुढे झेपावतो आणि एका पायावर पाण्याच्या कडेला उतरतो, तो भाग त्यांनी तीनदा मागे नेऊन बघितला. “बघ, उतरला की थांबत नाही. जमिनीला चिकटतच नाही त्याचा पाय,” ते म्हणाले. खेळाचं त्यांना काही वेड नाही. पण पाय कुठे पडतो हे पाहण्यात त्यांचा जन्म गेला होता.

त्या काळात आम्ही रोज संध्याकाळी फिरायला जायचो. कॉलनीतून निघून जॉगिंग ट्रॅकच्या कडेनं एक फेरी. माझं डावं पाऊल अजून ६० सेंटिमीटरच्या पुढे जात नव्हतं, आणि उजव्याला मी मुद्दाम तेवढ्यावरच रोखत होतो, लंगडल्यासारखं दिसू नये म्हणून. तिसऱ्या की चौथ्या दिवशी लक्षात आलं की आमची पावलं एकदम पडतायत. माझं डावं, त्यांचं डावं. माझं उजवं, त्यांचं उजवं. चपलांचा एकच आवाज येत होता. चव्वेचाळीस वर्षांत हे कधी झालं नव्हतं. लहानपणी मी मागून धावत होतो, मोठेपणी मी पुढे चालत होतो आणि कोपऱ्यावर मोबाइल बघत त्यांची वाट पाहत होतो. आता मान न वळवता बोलता येत होतं. नाना त्या फेऱ्यांमध्ये जितकं बोलले तितकं आधी कधी बोलले नव्हते: एका पावसाळ्यातली खचलेली खडी, बावटा घेऊन गाडीसमोर धावलेला त्यांचा जोडीदार, आई नवीन नवीन क्वार्टरमध्ये आली तेव्हा रात्री गाडी गेली की उठून बसायची ते. मी आधार म्हणून काठी धरत होतो, पण खरं तर मला त्या आखूड पावलांचा लोभ सुटला होता.

मग मी बरा होत गेलो.

ओट्याच्या कडेला बोटं टेकून, उजव्या एका पायावर उभं राहून टाच उचलायची, हा माझा रोजचा व्यायाम होता. कितीतरी आठवडे टाच उचललीच जात नव्हती. पोटरीला हुकूम जायचा, मांडी थरथरायची, शिट्टी होऊन कुकर थंड व्हायचा, टाच जमिनीवरच. पावसाळा लागता लागता एका सकाळी ती उचलली गेली, जेमतेम दोन बोटं. मी बायकोला हाक मारली. तिनं पाहिलं आणि पदरानं डोळे टिपले. त्यानंतर महिन्याभरात माझं डावं पाऊल लांबलं. मला कळलंही नाही; फिरताना चपलांचे आवाज दोन झाले होते, एवढंच. माझं आता ७२ सेंटिमीटर पडतं. नानांचं साठच. चाल एकच ठेवली तरी पाच पावलांमागे ते एक स्लीपर मागे पडतात. मी मुद्दाम आखूड टाकायचा प्रयत्न केला आणि करतो. शंभर-दीडशे पावलं जमतं. बोलण्यात लक्ष गेलं की पाय आपल्या स्वस्त मापावर परत येतात आणि नानांचा आवाज मागून येऊ लागतो. मॅडमनी शाबासकी दिली, डॉक्टरांनी फाइल बंद केली, सगळ्यांनी अभिनंदन केलं. मला आनंद झालाच, पण फिरून आल्यावर जिना चढताना काहीतरी गमावल्यासारखं वाटत राहायचं, आणि ते मी कुणाला बोललो नाही.

यंदाच्या डिसेंबरात पुन्हा क्रीडादिन आला. नानाही आले होते, लेकीनं आग्रह करून आणलं होतं. तीच थंडी, तीच फक्की. बाबांची शर्यत मी कडेला उभं राहून पाहिली, म्हणजे टाचा पाहिल्या. शिट्टी झाली तेव्हा सगळ्या टाचा एकदम उचलल्या गेल्या आणि माझी पोटरी आपोआप आवळली. कुणाला काही झालं नाही. बक्षीस समारंभ आटोपून आम्ही फाटकातून निघालो, आणि रस्त्यापलीकडे, गाड्या लावल्या होत्या त्या मोकळ्या जागेत, ते गृहस्थ दिसले. मुलाचा हात धरून आपल्या गाडीकडे चालले होते. नानांना म्हटलं, “तुम्ही या सावकाश,” आणि मी निघालो. ते दाराशी पोचले असावेत, मुलाला आत बसवत होते. मी पावलं उचलली, आणखी उचलली. त्यांच्यापाशी पोचलो तेव्हा मला धाप लागली होती, आणि तेव्हा कळलं की मी धावत आलो होतो. कुठल्या पावलाला चालणं संपलं ते मला सांगता येणार नाही.

मी म्हटलं, “त्या दिवशी मी तुमच्यावर ओरडलो. मला माफ करा. तुमचा काही संबंध नव्हता.” ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “अहो, मला तर वर्षभर वाटतंय, माझाच पाय लागला तुम्हाला. धावताना कळत नाही ना. घरी मी बोललोसुद्धा, माझ्यामुळे त्या माणसाचा पाय गेला.” दाराच्या काचेतून त्यांचा मुलगा आमच्याकडे टक लावून पाहत होता. मला काही सुचेना. मी खिशातून मोबाइल काढला, तो व्हिडिओ शोधला आणि त्यांच्या हातात दिला. ऊन पडदाभर आलं होतं म्हणून त्यांनी तळहाताची सावली केली. सहावं पाऊल आलं, पोटरीवर ती लहर उठली, मी पडलो, मागच्या पट्ट्यात, आठ-दहा फुटांवर, ते स्वतः धावत होते. शेवटपर्यंत बघून झाल्यावर त्यांनी दीर्घ श्वास सोडला, अंगठ्यानं रेघ मागे ओढली आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. तोवर नाना रस्ता ओलांडून, एकेक पाऊल जवळ टाकत, आमच्यापाशी येऊन पोचले होते.